दोर कुणाच्या हाती

अण्णा, काल राजाजीनगरात त्या तीन मजली इमारतीवरून गेले. गच्चीवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. इतकी वर्षं मी वाट वाकडी करून जायचे. काल रिक्षावाल्यानं ऐकलं नाही.

शिरगणतीच्या कामाला तुम्ही मला मागडीपलीकडच्या त्या डोंगरातल्या वाडीवर नेलंत, तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. तिथली माणसं कड्यावरचा मध काढून, बांबूच्या टोपल्या विणून पोट भरायची. तुम्ही एका झोपडीपुढे बसून विचारताय, "धंदा काय?" तिथला माणूस हसून म्हणतो, "मध, सामी." तुमच्या कागदावर मध कुठेच बसत नाही, म्हणून तुम्ही 'मजूर' लिहिता. मग तो आपल्याला कड्यावर नेतो. त्याच्या कमरेला वेलींचा दोर, आणि वर तो दोर धरून त्याच्या बायकोचा भाऊ. "दुसऱ्या कुणी धरला तर?" मी विचारते. "सख्खा भाऊ एकवेळ सोडील, पुट्टी, मेव्हणा नाही सोडायचा. त्याला बहिणीला तोंड दाखवायचं असतं." त्यानं पानात बांधून दिलेलं पोळं परतताना बसमध्ये माझ्या परकरावर गळलं, आणि तुम्ही माझ्यावर केवढे रागावलात!

पुढे जंगल बंद झालं. वाडीतली एकेक चूल विझत गेली, माणसं पोटामागे शहरात आली. तुम्हीच त्या दोघांना राजाजीनगरच्या बांधकामावर लावून दिलंत. कड्याला लटकणारा माणूस भिंतीला बाहेरून गिलावा करायला भिणार थोडाच, आणि वर दोर धरायला मेव्हणा होताच. आई म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस यांना." पण तुमची हौस तेवढ्यावर भागली नाही. बसवनगुडीतल्या एका शाळेत शिपायाची जागा निघाली, आणि तुम्ही मेव्हण्याला तिथे चिकटवलंत. कायमची नोकरी! त्या दिवशी तुम्ही येताना जिलबी आणलीत. आपल्यापैकी कुणालाच तो कडा आठवला नाही. त्यांना आठवला असेल, पण तुमचा उत्साह पाहून ते काय बोलणार?

तो गिलावा करताना पडला त्या संध्याकाळी त्याची बायको आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. आईनं दिलेली कॉफी तशीच निवून गेली. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सामी, माझा भाऊ तिथं असता तर." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊ शाळेचा नवा खाकी सदरा घालून अंगणात उभा होता, तिच्याकडे पाठ करून. माझं काळीज अजून तिथेच अडकलंय, अण्णा. त्यानंतर तुम्ही कुणाचंही काम करून दिलं नाहीत. लोक अर्ज घेऊन यायचे आणि तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसायचात.

शेवटच्या आजारात तुम्ही माझं मनगट धरून विचारलंत, "दोर कुणी धरलाय?"

"मेव्हण्यानंच, अण्णा."

"सरी, ठीक," म्हणालात आणि डोळे मिटलेत.

तो पडला त्या दिवशी दोर नुसता खांबाला बांधलेला होता. हे तुम्हाला माझ्याही आधी ठाऊक होतं. तरी त्या क्षणी तुम्ही माझं खरं मानलंत, असं मी आजवर धरून चालले आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, पण असता तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही खरं उत्तर दिलं असतंत.