जीपच्या पाठीला सहा दिवे

चि. खुडबुड्यास,

ताईचे पोतंभर आशीर्वाद. तुझी कंबर काय म्हणतेय? बायको आणि लेक मजेत ना? मी ठणठणीत आहे, सगळे अवयव जागच्या जागी आहेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझ्या गॅरेजात नेमकं गिऱ्हाईक येतं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आता तुझंही वय झालं. (एका पानावर सातच ओळी मावल्या, म्हणून पानांची थप्पी झाली.) पाकिटात एक वस्तू आहे, कापडात गुंडाळलेली. ती आत्ताच उघडू नकोस. लहानपणी माझा रेडिओ उघडलास तसा तर मुळीच नको.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आपल्या फाटकाचा डावा खांब जीपला धडकला. (हो, खांबच. गाडी आपल्या वाटेने सरळ मागे येत होती.) तुझ्या भाच्याला ही बातमी कुणी दिली देव जाणे, पण तो दुसऱ्याच दिवशी हजर. आधी खांब पाहिला, मग बंपर पाहिला, मग मला पाहिलं, आणि ऑफिसातली नोटीस वाचावी तशा आवाजात म्हणाला, आई, आणखी एक ओरखडा दिसला की चावी माझ्याकडे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो परत येणार, फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दुतर्फा कुंड्या मांडणार, आणि मी त्यांच्यामधून जीप उलटी आणून दाखवायची. अरे, ज्याच्या सायकलचं कॅरिअर धरून मी धापा टाकत पळाले, तो माझी परीक्षा घेणार! सून बिचारी मागे उभी राहून मला डोळ्यांनी सॉरी म्हणत होती. (असं मला वाटतं. ती जरा लांब उभी होती.)

हसण्यावारी नेऊ नकोस. चावी गेली की रोपवाटिका गेली. टेकडीवर त्या दगडधोंड्यांतून जीपशिवाय दुसरी कुठलीही गाडी चढत नाही, आणि वर वळवायला जागा नाही, त्यामुळे पहिल्या वळणापर्यंत उलटंच उतरावं लागतं. तुझे भाऊजी होते तेव्हा ते उतरवायचे आणि मी मागे बसून रोपं सांभाळायचे. ते गेल्यापासून सहा वर्षं मी एकटी उतरवतेय आणि एक रोपही आडवं होऊ दिलेलं नाही. ती वाटिका बंद करून मी मुलाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसायचं? माझा जीव नाही लागायचा.

मी शांत डोक्याने विचार केला (दोन दिवस कुणाशी बोलले नाही) आणि खरा गुन्हेगार शोधून काढला, तो म्हणजे मागचा दिवा. कंपनीने दिलेला रिव्हर्सचा दिवा इतका मिणमिणता, की त्याच्यापेक्षा काजवा बरा. म्हणून जास्तीचे दिवे बसवायचं ठरवलं. बाजारातल्या इलेक्ट्रिशियनकडे गेले, तर म्हणतो, काकू, गाडी जे चालवतात त्यांना पाठवा. मी म्हटलं, तेच आलेत. तरी तो माझ्या मागे कुणी उभं आहे का ते पाहत राहिला. दोन दिवे उचलले आणि तडक घरी आले.

तू फोनवर दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जे सांगितलंस ते मी कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं होतं. रिव्हर्सच्या दिव्याची तार शोध, मध्ये रिले टाक, फ्यूज विसरू नकोस, अर्थिंगची तार घासून घट्ट बसव. गोणपाट अंथरून जीपखाली शिरले. बंपरला भोकं पाडताना सगळा गंज तोंडात गेला. आणि हल्ली तारांना रंगच धड देत नाहीत रे! तू म्हणालास हिरवी धर. मला सगळ्या मातकट दिसल्या, त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटली ती धरली. ती ब्रेकची निघाली. संध्याकाळी मी ऐटीत बाजाराकडे निघाले, आणि जिथे जिथे ब्रेक दाबला तिथे तिथे मागची वाहनं जागच्या जागी थिजली. एक दूधगाडीवाला तर खाली उतरून, डोळ्यांवर हात धरून, चाचपडत माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं कौतुक करायला आलाय. त्याने जे शब्द वापरले ते मी तुला लिहू शकत नाही, तू धाकटा आहेस.

दुसऱ्या दिवशी टेस्टर घेऊन बरोबर तार धरली. दोन्ही दिवे झकास लागले, पण उजेड काही पडेना. म्हणून आणखी दोन लावले. तरी गोणपाटाआडून आल्यासारखाच उजेड. शेवटी सहा केले. आता शेजारचे रिटायर्ड स्टेशनमास्तर म्हणतात, की मी गिअर टाकला की त्यांच्या बेडरूममध्ये सकाळ होते आणि त्यांच्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर येतात. त्यांनी रीतसर लेखी तक्रार दिली. खाली त्यांच्या बायकोने बारीक अक्षरात आभार मानलेत, कारण त्या उजेडात तिचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं. (हे मला मास्तरांनीच वाचून दाखवलं, रडक्या चेहऱ्याने.)

काल दिवेलागणीला रंगीत तालीम केली. कुंड्या मांडल्या, आणि सिग्नलचा अनुभव दांडगा म्हणून मास्तरांनाच मागे उभं केलं. मी गिअर टाकला, सहाही दिवे पेटले, मास्तरांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. आता डोळे झाकलेला माणूस सिग्नल काय देणार? ते म्हणतात, त्यांनी आधी लाल रुमाल दाखवला होता. मला काहीतरी हललेलं दिसलं, पण त्याला लाल कुणी म्हटलं नसतं. उजेड जास्त म्हणून त्यांना काही दिसेना, आणि उजेड कमी म्हणून मला काही दिसेना. मास्तर वेळेवर हौदात उडी मारून वाचले. नऊ कुंड्या गेल्या, दहावी सुरक्षित आहे.

तेव्हा या दिव्यांमध्येच खोट आहे, हे तुलाही पटलं असेल. बाकी सर्व क्षेमच आहे. कंबरेला जप आणि जड इंजिनं एकट्याने उचलू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. तुझ्याकडे मोठे दिवे असतील, ट्रकला लावतात तसले, तर दोन पाठव. जाड तारही पाठव. तीन वेळा फ्यूज उडाला.

ता. क. दुसरा. एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. तो खांब धडकला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं.

ता. क. तिसरा. दिवे पाठवू नकोस, तू ये. आज सकाळी मी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि उजव्यातही सुरुवात आहे. पुढच्या शुक्रवारी डावा डोळा करायचाय, आणि सोबत घरचं माणूस असल्याशिवाय ते हात लावत नाहीत. भाच्याला कळवू नकोस. त्याला मीच सांगेन, पण कुंड्यांमधून जीप आणून दाखवल्यावर. खरं सांगू का, मला भीती वाटतेय रे. तिथे बाकावर कुणीतरी आपलं बसलेलं असावं असं वाटतं.

ता. क. शेवटचा. आता कापड उघड. ती जीपची चावी आहे. घरात राहिली तर मी सोमवारी टेकडीवर जाईन, मला माहितेय मी कशी आहे. तुझा भाचा ती काढून घेणार होता, मी आपणहून देतेय, आणि तुला देतेय. पट्टी सुटली आणि डॉक्टर हो म्हणाले, की मी तुला ओळखायच्या आत ती माझ्या हातात ठेव.