ट्रिपला गेलेलं माणूस परत येतं

३ डिसेंबर, बुधवार

आज चार शब्द झाले. ट्रिप, टूर, जर्नी, मूव्ह. आपलं एका 'जाण्या'वर भागतं, या इंग्रजांना घराबाहेर पडायला ढीगभर शब्द लागतात. इशिता शिकवते. नातीला वाटतं आजीला हौस आहे. हौस आहेच. पण खरं म्हणजे पद्माकर आणि देवयानीला माझ्यापासून काही लपवायचं असलं की दोघं इंग्रजीत शिरतात. माझ्याच घरात, माझ्याच समोर. मी आपली मटार सोलत बसते, गरीब गायीसारखा चेहरा करून. सून बोलताना डोळासुद्धा माझ्याकडे वळवत नाही, इतकी खात्री!

इशिता म्हणाली, "सिंपल आहे यार आजी. ट्रिप म्हणजे जाऊन परत यायचं. मूव्ह म्हणजे सामानासकट. परत नाही यायचं."

मग क्लासला निघाली. "चलो, मी जाते."

"जाते म्हणू नये बाळा. येते म्हणावं."

"पण मी तर जातेय ना?"

कसं सांगायचं. तिचे आजोबा फौजेत. सुट्टी संपली की होल्डॉल उचलायचे आणि दारात "येतो" म्हणायचे. बर्फातून आले, लढाईतून आले, दरवेळी आले. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून तिथेच राहिले. तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं पोरीनं. दारातून ओरडली, "येते!" गोड आहे.

५ डिसेंबर

रिलोकेट. म्हणजे ऑफिसने आपल्याला मूव्ह करायचं.

नाश्त्याला दोघं बोलत होती. देवयानीला सिंगापूर, दोन वर्षं, मोठी पोस्ट. पद्माकर आणि इशिताही जाणार. आणि मग माझा पद्माकर, टोस्टला लोणी लावता लावता, "आई कॅन मूव्ह टू गाझियाबाद."

मूव्ह म्हणाला. ट्रिप नाही म्हणाला.

गाझियाबादला गिरिजा, माझी लेक. तिच्या घरी तिची सासू, दोन खोल्या, आणि त्या बाईंचा रात्रंदिवस खोकला. मी चौदाव्या मजल्यावर राहणारी बाई. इथे खाली बाग आहे, मराठी मंडळ आहे, माझी इशू आहे.

चहा संपवला. उठताना गुडघा धरला.

६ डिसेंबर

आज सकाळपासून मला चालता येत नाही.

१० डिसेंबर

मजा आहे बाई. डॉक्टरने फोटो काढला, म्हणाला, "माताजी, उमर है." या वयात गुडघ्याचा फोटो चांगला कुणाचा येतो! सोसायटीच्या ऑफिसातून चाकाची खुर्ची आली. देवयानी रात्री ऑफिसातून आली की हातपाय धुऊन माझ्या गुडघ्याला तेल चोळते. हात तिचे गार असतात. मी म्हणते जरा वर, मग म्हणते नाही, जरा खाली. दुखणं एका जागी ठेवत नाही मी. चोळता चोळता एकदा तिला पेंग आली. मी "आई गं" म्हटलं. दचकून "सॉरी आई, सॉरी" म्हणाली.

सगळे गेले की उठते. अख्खं घर फिरते, खिडक्या पुसते, एकदा स्टूलवर चढून वरचा मुरंबा काढला. इशूने नवा शब्द दिला, कम्यूट, रोजचं ठरलेलं जाणं-येणं. माझं कम्यूट पलंग ते फ्रिज.

१६ डिसेंबर

शाळेची जैसलमेरची ट्रिप होती. इशिता नाव काढून आली. मैत्रिणी फोनवर ओरडत होत्या. तिनं सांगितलं, "ऊंट तो ज़ू में भी होते हैं." मग माझ्याजवळ येऊन बसली. "मम्मा-पप्पा ऑफिसात. तुला बाथरूमला कोण नेणार?"

मला इतका आनंद झाला की रात्री दोन पुऱ्या जास्त गेल्या. देवयानी बघत होती. बघू दे.

२८ डिसेंबर

दाराआडून ऐकलं. काल रात्री दोघी मायलेकी मराठीत भांडल्या, म्हणजे फारच तापलेल्या.

"इशू, तू झाल्यापासून मी थांबलेय. प्रत्येक वेळी नाही म्हटलंय. ही शेवटची पोस्ट आहे."

"मग तू जा. आजीला चालता येत नाही, मम्मा. तिला गाझियाबादला टाकायचं? मी नाही येणार."

सकाळी देवयानीचे डोळे सुजलेले. पद्माकरला म्हणाली, "जानेवारीअखेरपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून कळवते." मी विचारलं, "झोप नाही झाली का गं? जरा तेल गरम कर."

गरम केलं.

१ जानेवारी

नवीन वर्ष. डावा गुडघा. विसरायला होतं म्हणून लिहून ठेवते. डावा.

१४ जानेवारी, संक्रांत

दरवर्षी मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाला. मी कधी चुकवली नाही, यंदा का चुकवू? खुर्ची बसच्या पोटात टाकली. तिथे धुकं होतं, हात बधिर. इशिता खुर्ची ढकलत होती, मांडीवर तिळगुळाचा डबा, पायावर शाल. मंडळाच्या कुसुमावतीबाई म्हणाल्या, "भाग्यवान हो तुम्ही, अशी नात." मी म्हटलं, पूर्वजन्मीचं पुण्य.

मग पुढे पेन्शनीतल्या जवानांची रांग लागली. एका हवालदाराने हाळी दिली, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..."

लग्न होऊन क्वार्टरमध्ये आले तेव्हाच यांनी सांगितलं होतं, ही पलटणीची हाळी ऐकली की हातातलं खाली ठेवायचं आणि ताठ उभं राहायचं. पोळी तव्यावर असली तरी.

मी उभी राहिले. दोन्ही पायांवर, मूठ वर करून. "जय." तीनदा.

डबा पडला होता. शाल पायाशी. मागे इशिता, मुठी खुर्चीच्या दांड्यावर, खुर्ची रिकामी. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या खुर्चीच्या सीटकडे बघत होती. देवयानी खाली बसून एकेक तिळगूळ वेचत होती, मातीतले सुद्धा. कुसुमावतीबाई म्हणाल्या, "अगंबाई." मी म्हटलं, चमत्कार झाला.

परतताना इशिता एकटी पुढे, ड्रायव्हरजवळ बसली. सोसायटीत उतरल्यावर मी माझी चालत लिफ्टपर्यंत आले. ढकलायला कोणी नव्हतं.

१६ जानेवारी

तेल नाही. देवयानीने ऑफिसला हो कळवलं. माझ्यासमोर, मराठीत, एकेक शब्द ऐकू येईल असं. इंग्रजीत शिरलीच नाही.

पद्माकर मात्र इथेच राहणार. मान खाली घालून म्हणाला, "आई एकटी कशी राहील." म्हणजे गाझियाबाद टळलं, मुलगा राहिला, घर राहिलं. जिंकलेच की मी! इशिता परीक्षा झाली की आईबरोबर जाणार. पोरींचा राग दुधावरच्या फेसासारखा, फुंकर घातली की बसतो. नवा शब्द मागितला तिच्याकडे. "गूगलला विचार, आजी."

१० मार्च

बेसनाचे लाडू केले, डबा भरून. पद्माकरला विचारलं, इशूचं तिकीट रिटर्नचं आहे ना? म्हणाला, "आई, ती ट्रिपला नाही चाललीय." मला माहीत आहे. मी आपलं विचारलं.

२२ मार्च, रविवार

कॅब खाली आली. देवयानी सगळ्यात आधी वाकली, पायाला हात लावला, "येते, आई" म्हणाली. रीत सोडली नाही तिनं.

इशिता बुटाची लेस बांधत होती. उभी राहिली. लाडवांचा डबा तिथेच कपाटावर होता. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "जाते, आजी."

लिफ्टचं दार मिटेपर्यंत थांबले, ती सुधारेल म्हणून.