तांदळात लिहिलेलं नाव

गाझियाबाद, रविवार

ती. शांतारामदादास,

कुमुदचा, म्हणजे शेवंताचा, म्हणजे सरकारदरबारी सध्या जी कोणी शिल्लक असेल तिचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? नानांनी बांधावर लावलेली चिंच अजून लागते का? इथली हवा इतकी घाण आहे की समोरचा टॉवर दिसत नाही. (दिसला असता तरी बघण्यासारखं काही नाही.) ह्यांचा खोकला दिवाळीपासून मुक्कामाला आहे. मी ठणठणीत आहे, फक्त अंगाचा तिळपापड झालाय आणि त्यावर केमिस्टकडे गोळी मिळत नाही.

झालं असं की इथे मतदार याद्यांची फेरतपासणी निघाली आहे. वीसेक वर्षांपूर्वीच्या जुन्या यादीत तुमचं नाव दाखवा, नसेल तर आईवडिलांचं दाखवा आणि तुम्ही त्यांचे कोण ते सिद्ध करा, नाहीतर नाव कापलं जाणार. आमच्या मराठी मंडळात हे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्ष अविनाश साठे ‘लोकशाहीचा उत्सव’ यावर अर्धा तास बोलले आणि गुळाची पोळी खाऊन घरी गेले. मी मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच बायकांना कागद घेऊन बोलावलं. वाण म्हणून स्टीलची वाटी न देता प्लास्टिकची फाईल दिली. (त्यावरून दोघी रुसल्या, रुसू देत.) कुसुमावतीकाकूंनाही बोलावलं. काका गेल्यापासून त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, पण मत द्यायला कुंकू लागत नाही, हे मी माइकवरच सांगितलं. काकू पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी दोनदा तिळगूळ घेतला.

आणि मग खरा घोळ सुरू झाला. यादी तपासायला घरोघरी फिरणारी एक शाळेतली मास्तरीण आहे, ती हॉलवर आली होती. स्वभावाने बरी, पण मराठी नावांनी तिचं डोकं पार पिकलं. मधलं नाव नवऱ्याचं हे तिला समजावण्यात तास गेला. ते समजलं तेव्हा कळलं की खरी अडचण पुढेच आहे. आमच्यातल्या निम्म्या बायकांची पहिली नावंसुद्धा लग्नात बदललेली! वडिलांच्या कागदांत मुलगी एक, आणि समोर उभी आहे भलतीच. न्यायला आलेल्या नवऱ्यांना विचारलं, बायकोचं माहेरचं नाव काय? साठे डोकं खाजवून म्हणाले, स वरून काहीतरी. तीस वर्षांचा संसार, दादा! एकट्या रुबीना मुलाणीचं काम पाच मिनिटांत झालं. सगळ्यांत जास्त धास्ती तिलाच होती, रात्रभर झोपली नव्हती बिचारी. पण तिचं नाव जन्मापासून तेच, कोणी हात लावलेला नाही.

मग माझी पाळी. जुन्या यादीत दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या पत्त्यावर ह्यांचं नाव झळकतंय, माझं नाही. कारण तेव्हा फॉर्म ह्यांनी ऑफिसात बसून भरला, आणि कुटुंब म्हणजे आपण एकटेच असा ह्यांचा समज. (पुढे मी स्वतः रांगेत उभं राहून नाव घातलं आणि तेव्हापासून एकही निवडणूक सोडलेली नाही.) नाना मात्र पारनेरच्या यादीत व्यवस्थित आहेत, अंबादास रामजी औटी. माझ्या शाळेच्या दाखल्यावर शेवंता अंबादास औटी. आणि आधारवर, पासबुकवर, गॅसच्या कार्डावर कुमुद शशिकांत डुंबरे. मास्तरणीने सगळं पसरून बघितलं आणि म्हणाली, “आंटी जी, अंबादास जी की बेटी तो शेवंता है। शेवंता कहाँ है?” मी म्हटलं, “यहीं तो खड़ी है।” तर तिने माझ्या मागे वाकून बघितलं!

घरी आल्यावर ह्यांनी चष्मा पुसत निकाल दिला की टेक्निकली तिचं बरोबर आहे, रेकॉर्डवर तुम्ही दोन व्यक्ती आहात. मी विचारलं, मग इतकी वर्षं तुमचे डबे कोणी केले, पहिलीने की दुसरीने? तेव्हा खोकला आला. दादा, तुला आठवतं का माझं नाव का बदललं ते? ह्यांच्या घरी, आत्याबाईंच्या हाताखाली, भांडी घासायला येणारी बाई शेवंता होती म्हणून! एका घरात दोन शेवंता कशा चालतील? मग त्या बाईचं का नाही बदललं? ह्यांनी अंगठीने ताटातल्या तांदळात ‘कुमुद’ लिहिलं, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. माझ्या नावबदलाचा एकुलता एक पुरावा दोन्हीकडच्या मंडळींनी वरण घालून खाल्ला.

रेवती मुनिरक्याहून फोनवर म्हणते, “मम्मा, एक वोट के लिए इतना स्ट्रेस क्यों ले रही हो यार?” मला इतका संताप आला की फोन ह्यांच्या हातात दिला. एका मताने सरकार हलत नाही, हे मलाही कळतं. पण आयुष्यात तेवढी एकच गोष्ट आहे जी मी कोणाला न विचारता करते. पडद्यामागे मी एकटी असते. तिथे नवरा नाही, आत्याबाई नाहीत, तूसुद्धा नाहीस. आणि आता म्हणतात, ती बाईच नाही.

आम्ही ठरवलंय, मंडळातली एकही बाई गळू द्यायची नाही. रोज दुपारी हॉलवर बसून माहेरी फोन लावतो. माहेर म्हणजे भाऊ, आणि कागद म्हटलं की भावांचे आवाज काय बदलतात! अरुणाने नाशिकला फोन लावला, तर नमस्काराच्या आधी भाऊ म्हणाला, “शेत तर बाबांनीच विकलं होतं.” तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं. आम्ही आधी हसलो, मग कोणी हसेना.

असो. तू असल्या भावांतला नाहीस, म्हणून मनातलं सगळं लिहिलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
शेवंता (ऊर्फ कुमुद, पण ते सिद्ध व्हायचंय)

ता. क. : नाना गेले त्याच्या चौदाव्या दिवशी तू एका स्टॅम्पपेपरवर माझी सही घेतली होतीस, हक्कसोडपत्रावर. त्यात लिहिलंय, ‘कै. अंबादास औटी यांची कन्या शेवंता, लग्नानंतरचे नाव कुमुद शशिकांत डुंबरे.’ दोन्ही नावं एकत्र असलेला जगात तेवढाच कागद आहे. मी नानांची मुलगी आहे हे तू लेखी मान्य केलंस ते फक्त नानांचं मला काही मिळू नये म्हणून. पण केलंस, हे महत्त्वाचं. मूळ कागद स्पीड पोस्टाने पाठव. माझ्या नावाची सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे. फोनवर दोनदा सांगितलं, दोन्हीदा तू ‘बघतो’ म्हणालास.

ता. क. २ : आमच्या मंडळातल्या वकीलबाई अक्षता विचारत होत्या, तो कागद रजिस्टर केला होता का? मी म्हटलं, दादा म्हणाला होता की नंतर करू, आणि कपाटात ठेवला. त्या बराच वेळ हसत होत्या, म्हणाल्या, मग जमिनीच्या बाबतीत तो कागद कोराच. तेव्हा नीट शोध. सापडला तर मी मतदार. नाही सापडला, तर चिंच कोणाच्या बांधावर आहे ते बघायला मी स्वतःच पारनेरला येते.