खोटी क्षमा

प्रिय धाकट्या,

हे पत्र विद्यार्थ्यांसमोर उघडू नकोस. खोलीत जा, दाराला कडी लाव, मग वाच.

मागच्या सुट्टीत माझ्याकडे ओट्याला टेकून तू मला शिकवत होतास, आठवतं? काही कृत्यं मुळातच वाईट असतात. हेतू कितीही चांगला असो, फळ कितीही गोड निघो, ती कधी चांगली होत नाहीत. मी म्हणालो, आमच्या वॉर्डात महिनाभर बेडपॅन उचल, मग सांग. तू हसला नाहीस. हल्ली तू हसतच नाहीस. भावोजींना शिक्षा झाली आणि तू इथल्या चर्चमधून बदली मागून, फादर घडवणाऱ्या त्या सेमिनरीत शिकवायला गेलास, ताईच्या घराची पायरी पुन्हा चढला नाहीस. चार वर्षं ताई म्हणतेय, पाठच्या भावालाही आमचं खरं वाटत नाही. मीही तिच्या होला हो करत आलो.

परवा दुपारी, भावोजी रखवालदार होते त्या गोदामातला कारकून आमच्याकडे शेवटच्या अवस्थेत दाखल झाला. तोच, ज्याच्या साक्षीवर भावोजी आत गेले: रखवालदाराने शेगडी पेटती ठेवली, आग लागली, झोपलेला हमाल जळून गेला. मधुमेहाने त्याचे डोळे केव्हाच नेले होते. फादरना बोलवा, असा एकच धोशा. मी तीनदा फोन केला, फादर दुसऱ्या गावी अंत्यविधीला गेलेले. डॉक्टर म्हणाले, फार तर तासभर. उशी सारखी करताना मी काहीतरी बोललो आणि त्याने माझं मनगटच धरलं. आपला दोघांचा आवाज आप्पांचा, तुला माहीतच आहे. त्याला वाटलं, तूच आलास. मी हो म्हणालो. देवाशपथ सांगतो, तेव्हा मनात फक्त दया होती.

पडदा ओढला आणि त्याचं पापनिवेदन सुरू झालं. शेगडी त्यानेच पेटवली होती, आणि कोर्टात नाव भावोजींचं घेतलं. मी फादर नाही, हे तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट तुझा आव आणून बजावलं, आधी कागदावर सही, मग क्षमा. तो रडला, नरकाची भीती वाटते म्हणाला. मी सोडलं नाही. त्याने सांगितलं ते लिहून काढलं, साक्षीला हेडनर्सला बोलावलं. तिने कागद वाचून दाखवला, त्याने मान डोलावली, चाचपडत सही केली. तिला बिचारीला यातलं सोंग ठाऊक नाही. ती गेल्यावर मी त्याच्या कपाळावर हात ठेवून, लहानपणापासून ऐकलेले क्षमेचे शब्द जसेच्या तसे म्हटले. तो शांत झाला. थोड्याच वेळात गेला.

म्हणजे बघ, मरणाऱ्या माणसाला फसवलं, संस्काराचं सोंग केलं आणि देवाच्या क्षमेचा सौदा केला. तुझा धडा आता मला तोंडपाठ आहे. पण पश्चात्ताप म्हणावा तसा होत नाही रे. करायला बसलो की भावोजींचा चेहरा समोर येतो, आणि वाटतं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. त्याचीच भीती वाटते. उद्या दहा वाजता वकिलांना कागद देणार आहे, तो कसा मिळवला तेही सांगणार आहे. नोकरी जाईल. कागदही टिकेल की नाही, कोण जाणे. पण आणखी एक खोटं मला झेपणार नाही.

एक वाक्य तेवढं वकिलांना सांगणार नाही. सहीचं म्हटल्यावर तो पुटपुटला होता, "फादर, चार वर्षांपूर्वीही तुम्ही हेच सांगितलं होतं, सगळं कबूल कर म्हणून." यावर तू मला हो-नाही काही कळवू नकोस. पापनिवेदनात ऐकलेल्यावर फादरला कुणापुढेही तोंड उघडायची मुभा नाही, हे आत्ता कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. ते वाक्य मी फक्त ताईला सांगितलं. वाटलं, आता ही तुझ्या नावाने बोटं मोडणार. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा तिने तसाच बाजूला ठेवला. मग तिने मला हे पत्र लिहायला बसवलं. म्हणाली, "माझ्या लेकराच्या घशाखाली चार वर्षं घास कसा उतरला असेल? त्याला लिही, रविवारी जेवायला ये. मी काही विचारणार नाही."

तुझाच,
थोरला