कुंकू लावलेली बॅटरी

बसू,

तुझ्या अप्पांना घेऊन मी राजेश्वरीच्या सासरी चाललीय. किल्ली शेजारच्या पायलकडं हाय. भाकरी दुरडीत झाकून ठेवल्यात, आमटी गरम करून घे.

दिवेलागणीला लाईट गेली आणि अप्पांचं ऑक्सिजनचं मशीन लगेच बंद पडलं. इन्व्हर्टरला नवी बॅटरी बसवली म्हणाला होतास, मग असं कसं झालं म्हणून जिन्याखाली वाकून बघितलं. नवी बॅटरी घरी आली तवा मी तिला हळदकुंकू वाहिलं होतं. अप्पांनी विभूतीची तीन बोटं ओढली होती. हितल्या बॅटरीवर ना कुंकू, ना विभूती. नुसती धूळ, आणि कडा फुगलेल्या.

पायलला अप्पांपाशी बसवून तुला बोलवायला दुकानात धावत गेले. तू नव्हतास. सगळी गल्ली अंधारात, आणि आपल्या दुकानात काचेमागच्या बाहुल्यांवर दिवे झगमगत होते. गल्ल्याखाली तीच बॅटरी, माझ्या कुंकवासकट! दुकानातली मेलेली बॅटरी बापाला आणि नवी त्या साड्या नेसवलेल्या बाहुल्यांना? लाज कोळून प्यालास व्हय रे?

लाईट लवकर आली म्हणून तुझा बाप जिवंत हाय. तुझ्या जिवावर न्हाय.

आमाला न्यायला येऊ नको. आणि त्या बॅटरीवरचं कुंकू पुसायचं न्हाय. रोज दुकान उघडलं की आधी त्याच्याकडं बघ. ते मी तुझ्या धंद्यासाठी न्हाय, त्यांच्या श्वासासाठी लावलं होतं.

आई