माझी हिरवी गुंतवणूक

४ जानेवारी
अर्थसाक्षरतेचा ऑनलाइन कोर्स पूर्ण. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. बायकोने विचारलं, की दोन तासांच्या व्हिडिओचं सर्टिफिकेट कोण लावतं? या बाईला शिक्षणाची किंमत नाही.

९ जानेवारी
घरामागच्या सिमेंट फॅक्टरीची धूळ आजही ओट्यावर. मुलीचा खोकला वाढलाय. डॉक्टर म्हणतात, घर बदला. यांना बोलायला काय जातं! नव्या फ्लॅटच्या बुकिंगचे पैसे बँकेत नुसते कुजतायत. (कोर्स, धडा दुसरा.)

१२ जानेवारी
सगळे पैसे ग्रीन फंडात टाकले. पर्यावरण वाचेल, पैसे वाढतील, फ्लॅट आणखी मोठा घेऊ. बायकोला सवडीने सांगेन. मेहुण्याला मात्र मुद्दाम लगेच सांगितलं. म्हणाला, की फंडवाले पैसे कुठे लावतात ते वाचलं का? जळतो मेला. माहितीपत्रकाच्या कव्हरवर एवढं मोठं हिरवं पान छापलंय, आणखी काय वाचायचं?

१३ जानेवारी
मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही. बायकोने अबोला धरलाय. बरंच झालं, अभ्यासाला शांतता.

२ फेब्रुवारी
बिल्डरचा तगादा, म्हणून बुकिंगसाठी फंडातून पैसे काढायला गेलो. काउंटरवरचा टायवाला म्हणतो, तीन वर्षं निघणार नाहीत. फॉर्मवर लिहिलंय म्हणे. मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचं आणि वर आम्हालाच शिकवायचं. नालायक.

३ फेब्रुवारी
बायकोने फंडातल्या कंपन्यांची नावं जेवताना मोठ्याने वाचली. पाचवी कंपनी आमच्या मागची सिमेंट फॅक्टरी! टायवाल्याला फोनवर झापलं. म्हणाला, की फंड प्रत्येक धंद्यातली त्यातल्या त्यात बरी कंपनी घेतो. सिमेंटवाल्यांत हीच बरी, गेटवर झाडं लावलीत. मी बायकोला समजावलं, की आता आपण मालक, धुळीबद्दल आपला शब्द चालेल. ती अर्ध्या ताटावरून उठली.

१० फेब्रुवारी
मालक या नात्याने फॅक्टरीत गेलो. वॉचमनने आत सोडलं नाही. उर्मट माणूस. झाडाखाली उभा राहिलो. शर्ट पांढरा झाला.

७ एप्रिल
फॅक्टरीने दुसरी भट्टी सुरू केली. मुलगी दोन दिवस दवाखान्यात होती. तिथूनच बायको तिला घेऊन भावाकडे राहायला गेली. मेहुण्याने कान भरले, दुसरं काय!

२१ एप्रिल
फंड अकरा टक्के वर. भट्टीमुळे. आयुष्यातला पहिला नफा. सांगायला घरात कुणी नाही, म्हणून मेहुण्याकडे फोन लावला. मुलीने उचलला. तिला टक्के समजत नाहीत, तरी सांगितले. म्हणाली, की बाबा, इथे मला झोप लागते.