पुढं केलेला हात

४ फेब्रु. ९६, रवि.
उल्हासनगरला वर्ग. वर्तन-उपचाराच्या अभ्यासक्रमाचा शेवटचा टप्पा, प्रत्येकानं एक केस सगळ्यांसमोर मांडायची. सरांनी माझी माया निवडली! १० मार्च, पहिला नंबर. विशीला टेकलेली ही बदलापूरची मुलगी आमच्या अंबरनाथच्या विशेष मुलांच्या शाळेत आली तेव्हा काही हवं असलं की स्वतःचे केस उपटायची. बोलता येत नाही. आता खाऊ हवा, पाणी हवं, की तळहात पुढं करते. सर म्हणाले, "हा तिचा पहिला शब्द आहे." वर्गात शेजारी बसणारी लालवानी: "अरे वा मॅडम, अब तो पार्टी पाहिजे!" विठ्ठलवाडीला घरी येईपर्यंत मी हवेतच.

१५ फेब्रु., गुरु.
मायानं आज हात केला तो चक्क शिपायापुढं. पाणी मिळालं. म्हणजे माझ्यापुरतं राहिलं नाही. सगळ्यांना बजावलंय, हात आला की लगेच द्यायचं, समोर कुणीही असो.
दुपारी तिची आई: "शिवरात्रीला देवळात न्यायचं म्हणतोय. जत्रेच्या गर्दीत नेऊ का हो, बाई?"
म्हटलं, जरूर न्या. नवी माणसं, नवी जागा, उत्तम सराव.

१९ फेब्रु., सोम.
मायाची आई एकटीच आली.
देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भिकारी बसतात. मला माहीत नव्हतं असं नाही, दरवर्षी जाते मी. आई चपला ठेवायला वाकली, तेवढ्यात मायानं येणाऱ्याजाणाऱ्यांपुढं हात केला. उपासाचा दिवस. कुणी नाणं ठेवलं, कुणी केळं, कुणी रताळं. माया हसत होती म्हणे. हसणारच, हात केला की मिळतं हेच तर शिकवलंय. मागून तिचे वडील, गोगटे साहेब आले, बरोबर कारखान्यातले दोन साहेब सहकुटुंब. त्यांतल्या एकीनं मायाला ओळखायच्या आधी पर्स उघडली होती.
"हे म्हणाले, त्या बाईंनी माझ्या पोरीला भीक मागायला शिकवलं." आईनं हे खाली बघून सांगितलं. माया शाळा सोडतेय.
धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं ह्या भागात राहून एवढं सुचू नये मला?

२५ फेब्रु., रवि.
सरांना सांगितलं. वर्ग सुटल्यावर, बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर हिंमत झाली नाही. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "खूण बदला. समोरच्याच्या खांद्यावर थाप मारायला शिकवा, घरच्या माणसाला हाक मारतो तशी. पण नवी बसेपर्यंत जुनी मोडू नका. हात आला तर द्या. नाहीतर मुलगी पुन्हा मुकी."
लालवानी जिन्यात: "जत्रेचं बोलायचंच नाही ना, मॅडम. केस तो अच्छा है." १० मार्चला मांडायच्या तक्त्यात जत्रा अजून घातलेली नाही.

२८ फेब्रु., बुध.
बदलापूरला, कुळगावात मायाच्या घरी. साहेब होते. चहा, बशीत बिस्किटं. "आमच्या घरात कुणी कुणापुढं हात पसरलेला नाही, बाई. हे बंद करा, मग शाळेचं बघू."
खांद्याचं सांगायला तोंड उघडलं आणि आतून माया आली. मला बघून खुलली. बिस्किटं बघितली, तळहात माझ्यापुढं.
साहेब माझ्याकडे बघत होते.
मी चहा पीत राहिले.
हात बराच वेळ तसाच होता. मग केसांत गेला. आई तिला आत घेऊन गेली. खांद्याचं राहूनच गेलं. रिक्षात बसल्यावर रडू आलं, त्याचीही लाज वाटली. रडायचा हक्क मायाचा होता.

३ मार्च, रवि.
सर: "गेला होतात? हात केला तिनं? दिलंत ना?"
"हो सर."
इतकं सहज आलं तोंडातून की माझं मलाच…

९ मार्च, शनि.
परत कुळगाव. आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून. दार साहेबांनीच उघडलं, हसून. "या, या! अहो, बंद झालं. त्या दिवशी तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, तेव्हाच म्हटलं, ही खरी पद्धत. घरात सगळ्यांना तसंच सांगितलं. सोमवारपासून पाठवतो शाळेत." वर आभार मानले माझे.
माया खिडकीखाली बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. कानामागचे केस गेलेत. आई बाहेर आलीच नाही.
साहेबांना सगळं सांगितलं. खूण, खांदा, त्या दिवशीचं माझं वागणं चूक होतं हेही. "आता जे मिटलंय ते पुन्हा कशाला?" म्हणाले.
मी मायाजवळ खाली बसले. तिचा एक हात सोडवून माझ्या खांद्यावर ठेवला. तिनं काढून घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. साहेब उभेच होते, तरी मी ठेवत राहिले. खाऊ द्यायची वेळ काही आली नाही.
उद्या पहिला नंबर. उभं राहून सांगायचं, हिला पहिला शब्द मी शिकवला. आणि तो विसरायला कसा लावायचा हेही घरच्यांनी माझ्याकडूनच…